तीस एक्सचा घोडा

आमच्या टेबलाचा खालचा ड्रॉवर म्हणजे घरातलं स्मशान. दोन बंद घड्याळं, एक कॅल्क्युलेटर, ज्यांची यंत्रं कधीच गेली असे सात चार्जर, आणि २००९ साली घेतलेला, खिशात मावणारा एक डिजिटल कॅमेरा. बारा पट झूमचा. दिवाळीत पुण्याहून भाची आली, कसलीशी वायर शोधायला तिनं ड्रॉवर उघडला आणि किंचाळली. मला वाटलं, पाल.

"मामा, तुमच्याकडे डिजिकॅम आहे!"

होता. आता नाही. ती तो पुण्याला घेऊन गेली. तिथं म्हणे कॉलेजातली पोरं लाखाचा फोन खिशात ठेवून असले पंधरा वर्षांपूर्वीचे कॅमेरे मिरवतात. फोटो जरा धुरकट, जरा पिवळट आला की खूश. आम्ही तेव्हा पैसे मोजून धुरकट फोटो काढायचो आणि दुकानदाराशी भांडायचो, ते सगळं वाया गेलं म्हणायचं.

ड्रॉवर रिकामा झाला तशी मला खाज सुटली. नवा घ्यायचा. खिशात मावणारा आणि लांबचं ओढणारा. निवृत्त माणसानं एक वेळ निवडणुकीला उभं राहावं, पण कॅमेरा घ्यायचा विचार चारचौघांत बोलून दाखवू नये. आमच्या घरून पहिला प्रश्न आला, तो अहिराणीत. ही चिडली की माहेरच्या भाषेत शिरते. "तुमले कसाले जोयजे?" याला उत्तर नसतं. बाकी सगळ्या नंदुरबारचा प्रश्न मात्र एकच होता. शेजारी, न्हावी, पोस्टमन, मॉर्निंग वॉकचं मंडळ, सगळे विचारायचे, "झूम किती एक्स?"

या एक्सनं गावाला येडं केलंय. लोकांना वाटतं, तीस एक्स म्हणजे तीस पट लांबचं दिसतं. नाही हो. कॅमेऱ्याचं भिंग सगळ्यात रुंद असताना किती आणि सगळ्यात ताणलं की किती, या दोन आकड्यांचा भागाकार म्हणजे एक्स. २४ पासून ७२० मिलिमीटरपर्यंत गेला तर तीस एक्स. २० पासून ६०० पर्यंत गेला तरी तीस एक्सच, पण पोच कमी. एखाद्याचा पगार तीस पट वाढला म्हणून तो श्रीमंत झाला असं होतं का? आधी किती होता ते विचारायला नको? पण लग्न जमवताना मुलाचा पगार खोदून खोदून विचारणारी आपली माणसं कॅमेऱ्याच्या बाबतीत एकदम भोळी होतात.

त्यात फोनवाल्यांनी आगीत तेल ओतलं. २०२० मध्ये एका बड्या कंपनीनं फोनच्या पाठीवरच '१०० एक्स' छापलं. त्यात काचेनं ओढलेलं चार-पाच पट, उरलेलं सगळं गणितानं फुगवलेलं. आमच्या मंडळातल्या एका गृहस्थांनी त्या शंभर एक्सनं झाडावरच्या पिंगळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली सोळा जणांनी 'सुंदर' लिहिलं आणि सतराव्यानं विचारलं, "फणस कुठल्या शेतातला?" चंद्राची तर आणखी मजा. २०२३ मध्ये एका पठ्ठ्यानं संगणकाच्या पडद्यावर चंद्राचा मुद्दाम बिघडवलेला, धूसर फोटो लावला आणि फोनला म्हणाला, काढ. फोननं त्यावर छान खड्डे उमटवून दिले. पडद्यावर जे नव्हतंच ते फोटोत आलं. आमच्याकडे पंचनाम्यात हे फार पूर्वीपासून चालतं, पण त्याला कुणी तंत्रज्ञान म्हटलेलं नाही.

म्हणून ठरवलं, काचेचाच झूम हवा. मग मी अभ्यासाला बसलो. पहिल्याच पानावर कळलं की हे खिशातले कॅमेरे ७२० ची भाषा करतात खरी, पण आतलं भिंग प्रत्यक्षात १२९ मिलिमीटरपर्यंतच जातं. मग ७२० कुठून आलं? तर तो मोठ्या कॅमेऱ्याच्या मापातला आकडा, कारण आत जो सेन्सर बसवलाय तो इवलासा. सहा मिलिमीटर लांब, साडेचार रुंद. आमच्या नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्या डाळीच्या दोन दाण्यांत झाकला जाईल एवढा. मोठ्या कॅमेऱ्यातला सेन्सर ३६ बाय २४, म्हणजे क्षेत्रफळ याच्या सुमारे तीस पट. झूम तीस पट जास्त मिळतो आणि सेन्सर तीस पट कमी. तागडी एका बाजूनं वर गेली की दुसऱ्या बाजूनं खाली येणारच, हे मिरचीच्या व्यापाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. डाळीवर उजेड तो पडणार किती? भर दुपारी झकास. संध्याकाळी दिवेलागणीला भिंग पूर्ण ताणलं की फोटोत रवा दिसायला लागतो. तोही जाडा.

मिरचीचा विषय निघालाच आहे तर ड्रॉवरमधला कॅमेरा मेला कसा ते सांगतो, कारण यात दोष कंपनीचा नाही, आमच्या गावाचा आहे.

नंदुरबारच्या बाहेर हिवाळ्यात मिरचीच्या पथाऱ्या पडतात. ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांनी कल्पना करावी: नजर जाईल तिथवर जमिनीवर लाल मिरची वाळत घातलेली, मधून बायका तोंडाला फडकं बांधून ओळीनं मिरची खुडतायत, वर निळं आभाळ. कॅमेरा हातात असलेला माणूस इथं शहाणा राहूच शकत नाही. मीही राहिलो नाही. पहिला धडा: एवढा लाल रंग त्या डाळीएवढ्या सेन्सरला पेलत नाही. लाल रंगाचा कप्पा भरून वाहायला लागतो आणि वेगवेगळ्या मिरच्यांऐवजी एक सपाट लाल रांगोळी उमटते. उजेड जरा कमी करून काढला तरच मिरचीला देठ दिसतो. हे मला कळेपर्यंत दीडशे रांगोळ्या काढून झाल्या होत्या.

दुसरा धडा जालीम. खिशातल्या कॅमेऱ्याचं भिंग नळकांड्यासारखं बाहेर येतं, आत जातं. बाहेर येताना ते हवा आत ओढतं, सायकलच्या पंपासारखं. आणि पथारीवरच्या हवेत काय असतं? मी 'जवळून, लांबून, पुन्हा जवळून' करत अर्धा तास पंप मारला. पंप मारता मारता मी शिंकलो आणि कॅमेराही शिंकल्यासारखा 'कर्र' वाजला. त्या दिवसापासून प्रत्येक फोटोत वरच्या उजव्या कोपऱ्यात एक काळसर ठिपका. झूम ताणावा तसा ठळक. भिंग निघत नाही, त्यामुळे पुसायची सोय नाही. एका मोठ्या शहरातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं उघडला, हुंगला, डोळे पुसले आणि दुरुस्तीचा आकडा सांगितला. तेवढ्यात नवा आला असता. कॅमेरा ड्रॉवरमध्ये गेला. ड्रॉवर उघडला की पुढचं वर्षभर ठसका लागायचा.

तेव्हा आमच्या जिल्ह्यातला कॅमेरा निवडायचा तर कंपनीच्या पत्रकात नसलेले प्रश्न विचारावे लागतात. पहिला मिरचीच्या धुळीचा, दुसरा उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर गेला की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते. लांबचा झूम लावला की माणसाबरोबर ती थरथरही तेवढीच मोठी होते. शेतातला बैल उकळत्या पाण्यात उभा असल्यासारखा दिसतो. भिंग जर्मन असो की जपानी, मृगजळापुढे सगळे सारखेच. सकाळी नऊच्या आत जे काढायचं ते काढा आणि घरी येऊन ताक प्या. पण हे कुणी विक्रेता सांगत नाही. तो सांगतो एक्स.

विक्रेता तरी कुठे उरलाय म्हणा. २०१० साली जगभरात बारा कोटींवर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ मध्ये सत्त्याहत्तर लाखांच्या आसपास. फोननं खिशातले कॅमेरे गिळले. आमच्या गावातला फोटो स्टुडिओवाला पासपोर्टचे फोटो काढतो आणि नवरा-नवरीला तोरणमाळच्या यशवंत तलावावर नेऊन धावायला लावतो. त्याला विचारलं तर म्हणाला, "काका, छोटा कॅमेरा आता कोण ठेवतं? ऑनलाइन मागवा." म्हणजे हातात न घेता, न बघता, फक्त चिठ्ठी वाचून.

चिठ्ठी वाचून घेतलेल्या मालाचं काय होतं, ते आमच्या जिल्ह्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. वन पिंगळ्याची गोष्ट ऐका. हे वीतभर घुबड. १८७३ मध्ये ह्यूम साहेबानं त्याला नाव दिलं, नंतर डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्यानं आपल्या खानदेशातून काही पक्षी मारून नेले. १८८४ नंतर पक्षी गायब. एक नोंद मात्र पुढची होती: १९१४, मांडवी, गुजरात. नोंदवणारे कर्नल मेनर्ट्‌झहागेन, मोठं नाव. त्यामुळे शोधणारे त्या चिठ्ठीवर विसंबले. पुढं पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी संग्रहालयातला तो पेंढा भरलेला पक्षी नीट तपासला आणि कर्नलसाहेबांचं बिंग फुटलं. पक्षी डेव्हिडसनचाच, संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा शिवलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला! मग बाईंनी मांडवी सोडून दिली. डेव्हिडसनच्या जुन्या जागा धरल्या, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना सोबत घेऊन सातपुड्याच्या पायथ्याशी आल्या, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ भर दिवसा पिंगळा समोर बसलेला. एकशे तेरा वर्षांनी. त्यांनी फोटो काढले, चित्रीकरण केलं, कारण नुसतं सांगून विश्वास कोण ठेवणार? आणखी गंमत अशी की नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. म्हणजे घुबड आधी सापडलं, जिल्हा नंतर. सरकारपेक्षा घुबड हजर झालं लवकर.

तेव्हा तीस एक्सचा खिशातला कॅमेरा बाजारात नव्हता. त्यांनी ओढून जवळ आणली ती एक खोटी चिठ्ठी. आता आमच्याकडे हिवाळ्यात जे छायाचित्रकार येतात, त्यांच्या गळ्यात हातभर भिंगं असतात आणि पहिला प्रश्न, "गाडी किती जवळ जाते?"

काठीच्या होळीला तर त्यांची जत्राच. अक्कलकुवा तालुक्यातली राजवाडी होळी, रात्रभर ढोल, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधलेले बुध्या-बावा, डोक्यावर मोरपिसांचे टोप, पहाटेच्या सुमारास पेटणारी होळी. अंधारात तूरडाळीएवढा सेन्सर आणि ताणलेलं भिंग म्हणजे आंधळ्याला आरसा. तरी पाहुणे पन्नास फुटांवरून झूम लावून बसतात. मध्येच एखादा ओरडतो, "ए, इकडे बघ!" ज्याला ओरडला तो रात्रभर नाचतोय, कित्येक दिवसांचं व्रत पाळून आलाय. तो बघत नाही. मग फोटोखाली ओळ येते, 'आदिवासींचे गूढ डोळे'. त्यापेक्षा दहा पावलं पुढे गेलात, राम-राम केलात, तर रुंद भिंगात सगळा घोळका मावतो. शिवाय ढोलाचा दणका छातीत बसतो, त्याला एक्स लागत नाही.

असो. मला कॅमेरा निवडायचा खरा गुरू भेटला तो सारंगखेड्यात. दत्तजयंतीला तापीच्या काठावर एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजार. मी एका पांढऱ्या घोड्याजवळ उभा होतो. एक शेतकरी आजोबा आले, धोतर, टोपी, काखेत छत्री. डिसेंबरात छत्री कशाला, ते विचारायचं राहिलं. बरोबर मुलगा, हातात फोन. विकणारा सुरू झाला: घोड्याच्या आज्याचं नाव काय, बापानं कुठली शर्यत मारली, मागच्या साली कुणी किती लाखांना मागितला. मुलगा फोनमध्ये बघून माना डोलावतोय. आजोबा एक शब्द बोलले नाहीत. घोड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. वरचा ओठ उचलून दात बघितले. पुढचा खूर उचलून तळहातावर तोलला. कपाळावरचा भोवरा बघितला, मानेवरचा बघितला, अंगठ्यानं गुडघा दाबला. विकणारा अजून आज्यावरच होता. आजोबा म्हणाले, "ते ऱ्हावू दे. चाल दखाड."

विकणाऱ्यानं घोडा वीस पावलं चालवला. आजोबांनी मान हलवली आणि पुढच्या घोड्याकडे गेले. पोरगा अजून फोनमध्येच.

मी घरी येऊन हिला सांगितलं, कॅमेरा ऑनलाइन नाही, सुरतेला जाऊन हातात घेऊन घेणार. नंदुरबारकराला मुंबई दूर, पुणे त्याहून दूर, सुरत मात्र तापी व्हॅलीच्या गाडीत बसलं की आली. वाटेत नवापूर. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. तिकीट महाराष्ट्रात काढायचं आणि तक्रार करायची तर गुजरातमध्ये बसलेल्या स्टेशन मास्तरकडे जायचं. फलाटावर एक बाक आहे, अर्धा त्या राज्यात, अर्धा या. तिथे कळतं की झूमची एवढी हवा असली तरी आधी बघायचं ते रुंद टोक. २४ चं असेल तर बाक आणि त्यावर बसलेली दोन राज्यं एका फोटोत येतात. लांबून ओढलं तर फक्त गुजरात येतो, आणि तेवढ्यासाठी आपण कॅमेरा घेत नसतो.

सुरतेच्या दुकानदारानं काउंटरवर डबे मांडले. "काका, आ जुओ, चालीस एक्स छे!" कॅनन पॉवरशॉट एसएक्स ७४० एचएस, २०१८ चा, २४ ते ९६०, वजन ३०० ग्रॅमला जेमतेम एक ग्रॅम कमी. मी म्हटलं, भाई, दाराबाहेर नेऊ का? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कॅमेऱ्याचे दात बघायला मागतोय. तेच तर करत होतो. बाहेर दुपारचं ऊन. पडद्यावर मला दिसलं ते माझंच नाक. या कॅमेऱ्याला डोळा लावून बघायची खिडकी नाही, सगळं मागच्या पडद्यावर, आणि आमच्या उन्हात पडदा म्हणजे आरसा. शिवाय हात लांब करून धरलं की ९६० वर रस्त्यापलीकडची पाटी अशी डोलते, की जणू दुकान नावेत आहे. खिडकी असलेला कॅमेरा डोळ्याला टेकवला की कपाळाचा आधार मिळतो, डोलणं निम्म्यावर येतं. कपाळाचा एवढा उपयोग आहे हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं.

मग शोध सुरू झाला खिडकीचा. सोनीच्या एचएक्स ९९ ला ती वर उडी मारून येते, पण कॅमेरा इतका चिमुकला की माझं बोट भिंगावर आणि अंगठा तीन बटणांवर एकदम. पॅनासॉनिकच्या टीझेड ९५ ला होती. २०२५ मध्ये त्यांनी त्याचा धाकटा भाऊ टीझेड ९९ आणला, चार्जिंगची वायर नवी दिली आणि खिडकी काढून टाकली. घराला नवं दार बसवलं आणि खिडक्या बुजवल्या, असले बिल्डर आमच्याकडेही आहेत.

दुकानदाराच्या माळ्यावर जुन्या मालातला एक खिडकीवाला निघाला. ३२७ ग्रॅम, तीस एक्स. मी दोन फेऱ्या मारल्या. भिंग पूर्ण बाहेर काढून कानाजवळ धरलं, 'कर्र' आहे का ऐकलं. पूर्ण ताणून समोरच्या विजेच्या तारेवरचा पारवा धरला, किती वेळात नजर ठरते ते मोजलं. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून चारही कोपरे मोठे करून ठिपका शोधला. अंगठ्यानं बॅटरीचं दार दाबलं. दुकानदार अजून एक्सवरच होता. शेवटी सदऱ्याच्या खिशात टाकून दुकानात वीस पावलं चाललो. सदरा डाव्या बाजूनं लोंबला, पण चाल बरी वाटली. घेतला.

परतीच्या वाटेत नवापूरला भाचीचा फोन. ड्रॉवरमधल्या कॅमेऱ्यानं तिनं सिंहगडावरून मावळता सूर्य काढला होता, झूम पूर्ण ताणून. फोटो टाकला तर लोक वेडे झालेत म्हणे. कुणी फिल्टरचं नाव विचारतंय, कुणी कॅमेरा विकत मागतंय.

"आणि मामा, सगळे विचारतायत, वरच्या उजव्या कोपऱ्यात तो पक्षी कुठला?"

मी नवापूरच्या बाकावरून झूम करून गुजरात बघत होतो. म्हटलं, सांग, नंदुरबारचा आहे. दुर्मीळ.